पेठेतल्या कलादालनाची शेवटची तसबीर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि व्यापारी संघाचे आधारस्तंभ वीरधवलराव निकम, सत्कारमूर्ती दीपमालाताई शेडगे, व्यासपीठावरील मान्यवर आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून इथवर आलेल्या माझ्या पेठेतल्या बंधुभगिनींनो,

सत्कार आहे, चार शब्द आनंदाचे बोला, असं मला बजावलंय. पण भांड्यांच्या दुकानावरचं ताईंचं ‘रंगछाया’ कलादालन उद्यापासून बंद. इमारत विकली गेली, तिथं आता मोबाईलचं मोठं दुकान होणार. आनंद आणू कुठून? मी निवृत्त इतिहासशिक्षक, सोंग मला जमत नाही.

आपण तरी या दालनासाठी काय केलं? लग्नाचा बस्ता बांधायला आलेली मंडळी पंख्याखाली टेकायला वर जायची आणि अजिंक्यताऱ्याचं चित्र बघून ‘सोफ्याला मॅच होईल का’ विचारायची. अध्यक्षमहाराज, हसू नका, तुम्हीही विचारलं होतंत. दालन तगलं ते गेलेल्या माणसांवर. कुणाचे वडील, कुणाचा फौजेतला भाऊ. ओळखपत्रावरच्या फोटोवरून ताई तैलचित्र करायच्या. चित्र घरी न्यायच्या दिवशी खाली जन्ममृत्यूच्या तारखा रंगवायच्या, मग घरी हार चढायचा. आपल्याकडची रीतच ती.

एक चित्र मात्र कुणी नेलं नाही. उंब्रजच्या राहीबाईंचा शंभूराज. सीमेवर बर्फाचा कडा कोसळला, त्यात गेला, देह सापडला नाही. पलटणीनं तारीख कळवली, ती राहीबाईंनी मानली नाही. पोराच्या चुलत्यानं मायेनं चित्र करून घेतलं, तेव्हा राहीबाई ताईंना म्हणाल्या, “आवं ताई, घरी न्हेलं की तारीख घालाय लागंल. हितंच आसू द्या. पोरगं साताऱ्याला कामाला हाय आसं समजीन.”

तेव्हापासून बाजारच्या दिवशी भाजी विकून झाली की त्या वर यायच्या. ऊस तुटला, म्हैस व्याली, सगळं पोराला सांगायच्या. ताई ब्रश खाली ठेवून चहा टाकायच्या. दालन कधीच परवडत नव्हतं. तरी ताईंनी ते इतकी वर्षं ओढलं, ते या एका बाईसाठी. त्या स्वतः हे सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतो. मला त्यांचा अभिमान वाटतो, आणि आपल्या सगळ्यांची थोडी लाजही वाटते.

आज सकाळी चित्रं उतरवताना राहीबाई आल्या. ताई म्हणाल्या, “मावशी, शंभूला माझ्या घरी ठेवते.”

“नगं बाय. किती दिस लोकाच्या भिताडाला ठिवू त्येला? घाल तारीख.”

ताईंनी विचारलं, “पलटणीनं कळवलेली?”

“ती न्हाई. आजची घाल. आजपातूर त्यो हितं व्हता.”

ताईंनी आजची तारीख घातली. मी शेजारीच उभा होतो. जन्मभर पोरांच्या वह्यांतल्या तारखा लाल शाईनं खोडत आलो, सकाळी ताईंना रंगाची वाटी मीच धरून दिली.

असो. सभागृह देणाऱ्यांचे, चहापाणी बघणाऱ्यांचे आणि माझी बडबड ऐकून घेतलीत म्हणून आपल्या सर्वांचे आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर म्हाताऱ्याचं म्हणून पोटात घाला. आणि बाहेर पडताना जरा सांभाळून. मागच्या रांगेत राहीबाई तसबीर मांडीवर घेऊन बसल्यात, तारखेचा रंग अजून ओला आहे.