नऊ पिल्लांची आई

ऑक्सफर्डच्या बसरांगेत विनिफ्रेडच्या पुढे पक्ष्यांवर संशोधन करणाऱ्या दोघी उभ्या होत्या, एक तरुण आणि एक तिची मार्गदर्शक.

“माझ्या गणितात नऊ पिल्लं वाढवणारी आई पुढच्या वसंताआधी मरते. सहावाली जगते.”

“मरते कशावरून?”

“आपल्या जंगलातल्या घरट्यात परत येत नाही.”

“आणि कालचा फोन?”

“चार मैलांवरून होता. मी मेली धरलेली एक, पायात आपण घातलेलं कडं असलेली, तिथे अंड्यांवर बसलीय.”

“किती?”

“नऊ.”

“म्हणजे बाईने नुसतं घर बदललं.”

“रोझमंड, सोमवारी प्रबंध द्यायचाय हो.”

“मग ‘मेली’ खोड. ‘परत आली नाही’ एवढंच लिही, आणि गणित पुन्हा मांड.”

पाच मुलं वाढवून विनिफ्रेड ज्या गावातून अकरा वर्षांपूर्वी निघून आली होती, तिथे जाणारी बस आली. रोज ती ही बस जाऊ द्यायची. आज तिने हात दाखवला.