पोरीचा पहारा

मंडळी, ऐका! आधी मला एक सांगा. सप्ताह बसला, वीणा उभी राहिली. ती सात दिवस जमिनीला टेकवायची का? "नाही!" बघा, झोपलेलेसुद्धा बोलले! एकाचा हात दमला की वीणा दुसऱ्याच्या गळ्यात. हाच आपला पहारा. मग माझा प्रश्न असा — वीणेला इतकं जपता, लेकराला जपता का? रागावू नका! गोष्ट ऐका, मग रागवा.

गारवडी नावाचं गाव. तिथं महिपती आणि शेवंता, मजुरी करणारं जोडपं. एकुलती लेक दुर्वा, सहा वर्षांची. तिला रक्ताचा कॅन्सर झाला! नाव ऐकूनच माणूस खचतो हो. पण शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोर बरी होऊ शकते. फक्त उपचार मधेच सोडायचे नाहीत." औषध सरकारी योजनेतून फुकट. पण दवाखाना कुठं? दोन एसट्या बदलून! एक जण पोरीला घेऊन गेला की शेळ्या कोण राखणार? कामावर कोण जाणार? औषध होतं हो, तिथवर पोचायला माणूस नव्हता!

काही महिने दोघांनी रेटलं. पोर तरतरीत झाली, अंगणात उड्या मारायला लागली. आणि इथंच घात झाला! महिपतीला वाटलं, झाली बरी. एक तारीख चुकली. दुसरी आली ती नेमकी सप्ताहात. सकाळची वेळ, महिपती वीणा घेऊन उभा. (खराखुरा उभा! आमच्या काही विणेकऱ्यांना वीणाच धरून उभी असते!) शेवंता पोरीला कडेवर घेऊन मांडवात आली.

"अवं, गाडी यायची येळ झाली. चला."

"पहारा हाय माझा! वीणा खाली ठिवू व्हय? अन् पोरीला काय झालंय आता? जाऊ की पुढल्या खेपेला."

शेवंता रडली नाही, मंडळी. पदर खोचला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बाईंनी बजावलंय, औषध सोडलं की दुखणं पुन्हा उठतंय. वीणा खाली ठिवायला तुमचा जीव हुईना. मग पोरीचं औषध कसं वो खाली ठिवलं?"

टाळ थांबले! मृदंग गप्प! सप्ताह चालवणारे म्हातारे केरबाअण्णा उठले. महिपतीच्या गळ्यातली वीणा काढून त्यांनी आपल्या गळ्यात घातली. "मी उभा ऱ्हातो. तू गाडी गाठ!" मग मांडवाकडे वळून म्हणाले, "बाबांनो, चूक आपली बी हाय. महिपतीला पहारा लावला, त्याच्या पोरीला कुणी लावला?"

त्या दिवसापासून गारवडीनं पाळ्या बांधल्या. एकानं शेळ्या राखल्या. दुसरा महिपतीच्या जागी कामावर गेला. तारखेला शेवंतासोबत गाडीत महिपती, नाहीतर गावातलं कुणीतरी असायचंच! दोन वर्षं उलटून गेली, पण एकही तारीख चुकली नाही. डॉक्टरीणबाईंनी उपचार संपल्याचं सांगितलं, तेव्हा गावात पेढे वाटले. परवा मी तिथं गेलो होतो. दुर्वाच्या गळ्यात वीणा! पोरीपेक्षा वीणा मोठी, तरी कुणाला हात लावू देईना.

आता तुमच्याकडे वळतो. चपला शोधू नका! मागच्या खांबाशी एक माउली बसलीय. तिला विचारूनच बोलतोय. मांडीवरच्या लेकराचं तेच औषध चालू आहे. मंगळवारी शहरात जायचंय, सोबतीला कुणी नाही. अहो, मांडव भरलाय, आणि सोबत नाही? आरतीचं तबक राहू द्या जरा. मंगळवारचा पहारा कुणाचा? हात वर दिसू द्या, मग देवाचं नाव घेऊ!