दुधाचा पहिला तांब्या

इरुळप्पन : थांबा अण्णा, इतक्या घाईनं नको. धुकं किती होतं ते आधी सांगा.

तवमणी : धुकं म्हणजे? पुढचा मिठाचा ढीग दिसत नव्हता, एवढं! तुतुकुडीची मिठागरं, सूर्य अजून उगवायचाय, आणि त्या पांढऱ्यातून पांढरा सदरा घातलेला आपला हिरो चालत येतो. म्हणजे सिनेमातला कासीराजन, बंदराचा दादा. पण आधी नुसत्या मिशा दिसतात.

इरुळप्पन : नुसत्या मिशा! हसवू नका हो, मांडीतली सळई ठणकते... अण्णा, या दवाखान्याच्या छताकडं बघा जरा. दुखण्यावरची गोळी पोटात गेली की हे छत पसरायला लागतं. पाणी भरतं त्यात, मिठागरासारखं. काल मी तिथं दंताळ्यानं मीठ ओढत होतो आणि वरून कुणीतरी दूध ओतत होतं. भिजत होतो, पण बरं वाटत होतं.

तवमणी : नऊ दिवस झाले, अजून तुला दूधच दिसतंय?

इरुळप्पन : दुसरं काय दिसणार? हिरोच्या कटआऊटला दुधाची अंघोळ घालायला चढलो आणि दुधाबरोबरच खाली आलो. लोक म्हणतात म्हणून खरं मानायचं. मला दूध आठवतं, आणि पायाखालचा बांबू गार लागला होता ते. पुढं सगळं कोरं. बावीस वर्षं भिंतींना चुना मारतोय मी, शिडीवर बसून भाकरी खाल्लीय, आणि पडलो ते हिरोच्या खांद्यावरून!

तवमणी : नको ते आठवू. डॉक्टरीणबाईंनी डोक्याला ताण देऊ नको म्हणून सांगितलंय ना?

इरुळप्पन : मग सिनेमा सांगा. पुढं?

तवमणी : पुढं... सवरी पडलेला असतो. कासीराजनचा उजवा हात. कासीराजननंच त्याला आदल्या दिवशी हुकूम सोडलेला असतो की तू पुढं जा, मी आहे. आणि तिथं गोळी लागते. फौजदार येतो. बुटाखाली मीठ करकर वाजतं. तो विचारतो, ‘हा कुणाचा माणूस?’

इरुळप्पन : मग?

तवमणी : मग... कासीराजन खाली बसतो. त्या मिठात, पांढऱ्या कपड्यानिशी. सवरीचं डोकं मांडीवर घेतो आणि म्हणतो, ‘माझा माणूस. मी पाठवला होता. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिही.’

इरुळप्पन : परत सांगा.

तवमणी : ‘माझा माणूस. मी पाठवला होता.’

इरुळप्पन : आहा. डोळे मिटले तरी दिसतंय बघा. तो फौजदार गप्प, समुद्र गप्प... चला अध्यक्ष, आता भाषण होऊन जाऊ दे.

तवमणी : कसलं भाषण?

इरुळप्पन : असं काय करता? बारा वर्षं प्रत्येक सिनेमाच्या पहिल्या खेळानंतर चहाच्या टपरीसमोर उभं राहून सांगता ना, या सिनेमातून आपण काय शिकायचं? अख्खं रसिक मंडळ ऐकत उभं असतं. या खेपेला मीच तेवढा नव्हतो.

तवमणी : या खेपेला भाषण केलंच नाही मी.

इरुळप्पन : मग मी करतो. पडल्या पडल्या. ऐका. कासीराजन चोरटा माल उतरवतो, माणसं मारतो, म्हणजे माणूस काही धड नाही. घाबरून लोक वाकतात तेवढ्यानं कुणी पुढारी होत नाही. घाबरवायचं काम तर कुत्रंही करतं. पण सवरीला पाठवलं आणि पाठवलं असं तोंडानं बोलला, तिथं तो पुढारी झाला. बरोबर?

तवमणी : बरोबर असेल.

इरुळप्पन : असेल काय? तुम्हीच असले मुद्दे काढायचात! एक मात्र राहतंच. पाठवला कशाला? स्वतः का नाही गेला? त्याचं उत्तर सिनेमात आहे का?

तवमणी : नाही.

इरुळप्पन : तेही बरंच. मला विचारायला काहीतरी राहिलं... अण्णा, एक विचारू? खरं सांगाल?

तवमणी : विचार.

इरुळप्पन : मी प्यायलो होतो का?

तवमणी : इरुळप्पा, झोप जरा. दुपार झालीय.

इरुळप्पन : पोलिसांच्या कागदात तसं लिहिलंय म्हणे. छत्तिसावा दिवस होता माझ्या व्रताचा. एकेचाळीस दिवस अनवाणी, एक वेळ जेवण, गळ्यात अय्यप्पाची माळ. अकरा वर्षं शबरीमलैला जातोय, एकदाही चुकलो नाही. मी शुद्धीवर यायच्या आत खुद्द बायकोनं, पेच्चीनं, माळ काढून नेली. तिचंही बरोबरच आहे. दारू पिऊन पडलेल्याच्या गळ्यात ती माळ कशी ठेवणार? तेव्हापासून इकडं फिरकली नाही, डबा बहिणीच्या हातून येतो. व्रतात होतो तेव्हा ती मला सामी, म्हणजे स्वामी, म्हणायची, गल्ली म्हणायची, तुम्हीसुद्धा म्हणायचात. आता... माझं मला आठवत नाही हो. प्यायलो नाही अशी शपथ घ्यायला जातो आणि जीभ उचलत नाही. आपलाच आपल्याला भरवसा वाटेना, याच्यासारखं वाईट काही नाही.

तवमणी : आठवेल हळूहळू.

इरुळप्पन : आणि आठवलं, की प्यायलोच होतो, तर? त्यापेक्षा हे छतच बरं... अण्णा, दारात पेच्चीसारखं कोण दिसतंय? का गोळीच आहे ही?

पेच्ची : गोळी नाही, मीच आहे. बहिणीला ताप आलाय म्हणून कांजी मी आणलीय. अध्यक्षसाहेबही आहेत वाटतं. बसा, बसा, उठू नका.

तवमणी : मी निघतच होतो, ताई.

पेच्ची : बसा म्हणते ना! काल सिनेमा बघून आले मी.

इरुळप्पन : तू? सिनेमा?

पेच्ची : हो. मीच. ज्याच्यापायी माझा संसार खाटेवर आडवा झाला ते आहे तरी काय, म्हटलं बघावं एकदा.

इरुळप्पन : अगं, मग ती मिठागरातली जागा बघितलीस? कासीराजन सवरीचं डोकं मांडीवर घेतो...

पेच्ची : कोण घेतं? कुणी काही घेत नाही. पँट मिठानं खराब होईल म्हणून तो मेला चार पावलं मागं सरतो. फौजदार विचारतो, हा कुणाचा माणूस, तर म्हणतो, ‘माझा नाही. पिऊन आला होता. मी याला अडवत होतो.’ आणि अख्ख्या टॉकीजमध्ये शिट्ट्या! काय डोकं चालवलं म्हणे! माझ्या अंगावर काटा आला. ही तीन वाक्यं मी आधी ऐकली होती. पोलीस ठाण्यात. अध्यक्षांचा जबाब मला वाचून दाखवला तेव्हा. एक अक्षर इकडचं तिकडं नाही.

इरुळप्पन : अण्णा?

तवमणी : निघतो मी, इरुळप्पा.

इरुळप्पन : अण्णा, सिनेमा तुम्ही कधी बघितलात?

तवमणी : त्याच दिवशी. पहिला खेळ.

इरुळप्पन : मला रिक्षात घातलं तेव्हा?

तवमणी : रिक्षा वळली आणि आत पडद्यावर नावं पडायला लागली. दोघं तुझ्याबरोबर गेले होते... मी म्हटलं, मंडळाचा अध्यक्ष आत नको का? बाहेर आलो तर फौजदार दारात उभा. कुणाचा माणूस, विचारलंन. सिनेमातल्यासारखंच विचारलंन रे! आणि माझ्या तोंडात तेच आलं. कानात शिट्ट्या होत्या अजून. मला वाटलं, मोठा माणूस असाच बोलतो.

पेच्ची : मोठा माणूस! हे व्रतातले, आणि ह्यांच्या नावावर दारू लिहिलीत! नऊ दिवस मी ह्यांच्या नावानं बोटं मोडली. देवळाची पायरी चढायची लाज वाटली मला.

इरुळप्पन : थांब पेच्ची. अण्णा, मग मला वेगळं का सांगितलंत?

तवमणी : तू डोळे मिटून ऐकत होतास. ते वाक्य बाहेरच पडेना माझ्या तोंडातून. मग दुसरं सुचलं.

इरुळप्पन : सिनेमावाल्यांना एवढा पैसा घालून सुचलं नाही ते तुम्हाला या स्टुलावर बसून सुचलं. म्हणजे ठाऊक होतं तुम्हाला, पुढाऱ्यानं काय बोलायचं असतं ते.

तवमणी : ठाऊक असून काय उपयोग झाला?

इरुळप्पन : आधी मला सांगा. मी प्यायलो होतो?

तवमणी : नाही. थेंब नाही. विहिरीवर अंघोळ करून आला होतास, कपाळाला भस्म, अंगाला चंदनाचा वास. तू म्हणालास, दव पडलंय, ऊन येऊ दे. मी म्हटलं, कॅमेरावाले खोळंबलेत, आणि दुधाचा पहिला तांब्या व्रतातल्याच हातानं जायला हवा. चढ. कमरेचा दोरही मीच सोडायला लावला. फोटोत दिसला असता.

इरुळप्पन : दव होतं तर... म्हणून बांबू गार लागला. अनवाणी पाय, दव, वरून सांडलेलं दूध. पेच्ची, ऐकलंस? दव होतं.

पेच्ची : ऐकलं. रडू नका. रडा, हवं तर.

तवमणी : हे ठाण्यात जाऊन सांगितलं तर गुन्हा माझ्यावर येईल. मंडळ जाईल. लोक तोंडावर थुंकतील.

पेच्ची : थुंकू देत. थुंकी पुसता येते. ह्यांच्या नावावर जे लिहिलंत ते मी नऊ दिवस पुसतेय, गेलं का?

इरुळप्पन : तिचं बोलणं मनावर घेऊ नका. घ्या खरं तर. अण्णा, मघाशी मी विचारलं, पाठवलं कशाला. त्याचं उत्तरही आलं बघा. फोटोसाठी. चला, माझं भाषण संपलं.

तवमणी : फौजदार चारपर्यंत असतो. आत्ता निघालो तर गाठ पडेल.

पेच्ची : निघा मग. आणि तिथून, ह्यांना माळ घालतात त्या आमच्या गुरुसामींकडंही जा. माळ मी चुकून काढली, हे माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा तुमच्या तोंडून ऐकू दे त्यांना. परत घालायची की नाही ते सांगतील. नऊ दिवस पदराला बांधून फिरतेय. कुठं ठेवावी कळेना, टाकवेना.

तवमणी : जातो. तुम्ही पडून राहा, सामी. उद्या येऊन सांगतो, काय लिहून घेतलं ते.

इरुळप्पन : सावकाश सांगा. धुक्यासकट.

(तवमणी जातो. पेच्ची डबा उघडते.)

इरुळप्पन : गेला का गं? का अजून दारात उभाय?

पेच्ची : गेला. रस्ता ओलांडतोय. ठाण्याच्याच बाजूला वळला.

इरुळप्पन : छत परत पसरायला लागलं बघ. पण आज दूध नाही त्यात. नुसतंच पांढरं आहे, मी चुना मारल्यासारखं.

पेच्ची : असू दे. कांजी निवतेय, सामी. तोंड उघडा.