बुल्वेचं देवक

नाही साहेब, होडी मागं फिरायची नाही — घरी मांडव भरलाय, त्यातूनच तर उठून आलो, आणि तुम्ही काठावर आयते सापडलात, पक्षी बघायचाय म्हणून. माझा हा पांढरा झगा काय न्याहाळताय? लेकीला मागणी घालायला आलेत, बापानं काय लंगोट लावून बसायचं? तुमचा तो बुल्वे पक्षी दिसेल की — ती जोड्याएवढी चोच दलदलीत लपून लपून लपणार कुठं! मघाशी काय म्हणालात — आधी त्याला करकोच्यांत धरला, मग बगळ्यांजवळ नेला, आता रक्त तपासून पेलिकनच्या गोतात घातला? कमाल आहे. त्याला विचारलं कुणी? त्याचं राहू द्या — पेलिकनांना विचारलं?

आता माझं बघा. मागणी घालणारा किझ्झा पोरगा बरा आहे, जाळं टाकतो, पीत नाही — पण बाप कोण ते ठाऊक नाही, आणि सांगणारी आई मेली. बाप नाही तर देवक नाही. भर मांडवात आमच्याकडच्यांनी रीतीप्रमाणं विचारलं, देवक कोणतं, तर म्हणतो कसा — ‘बुल्वे.’ मांडव हसला. ह्या मुलखात ते देवक कुणाचंच नाही हो. माझी लेक नांक्या तेवढी हसली नाही. गुडघ्यांवर बसली होती, नुसती माझ्याकडं बघत राहिली — आईचेच डोळे, तीही अशीच जाताना — ते सोडा.

त्यात आमच्या बहीणबाई, लई शहाण्या. म्हणे, घ्या पोराला आपल्याच देवकात, मम्बा माशात. अगं बये, मग तो नांक्याचा भाऊ झाला की! एका देवकात सोयरीक होते का कधी? आणि माणसं माना डोलवायला लागली होती, साहेब. उठलोच मी.

वाट एकच — पोराला दुसऱ्या कुणाच्या देवकात घालायचं. पलीकडच्या काठाला मुगालुला राहतो, नाकतोड्याच्या देवकातला वडीलधारा — सगळं गाव नाकतोडे तळून खातं, हा मेला तोंड मिटून बसतो. त्यानं मांडवात येऊन ‘पोरगा आमचा’ म्हटलं की झालं. पण जाळ्याच्या जागेवरून आमचं बोलणं तुटलंय, त्याच्या धक्क्याला पाय लावणार नाही म्हणून मी शपथ घेतलीय, चारचौघांत. आता त्याच्याच दारात हात जोडायचे. पेलिकनांनी घेतलं ना त्या ध्यानाला? मग हा पोराला का नाही घेणार? नाही घेतलं तर — तर काय, पोरगी तशीच निघून जाईल त्याच्याबरोबर, आणि मी राहीन रीत सांभाळत. एकटा.

तो बघा — लव्हाळ्यात, राखाडी. दिसला? फोटो काढा नाहीतर राहू द्या, होडी थांबायची नाही. आणि आता गप्प बसा जरा. मुगालुलापुढं पहिला शब्द कोणता काढायचा, ते जुळवू द्या मला.