बरोबरची खूण

आदरणीय अध्यक्षबाई, त्यांच्या शेजारी बसलेले प्रमुख पाहुणे, ज्यांना सत्कार नको होता आणि तरीही ज्यांना आपण ओढून व्यासपीठावर बसवलं ते आमचे सर, आमच्या संगीतशाळेचे शिक्षक, आजी-माजी विद्यार्थी, पालक, आणि तिसऱ्या रांगेत पंख्याखालची जागा पटकावून बसलेले माझे आई-बाबा, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मला दहा मिनिटं दिली आहेत. आधीच्या वक्त्यांनी सरांच्या एकतीस वर्षांच्या नोकरीबद्दल, त्यांच्या शिस्तीबद्दल आणि त्यांच्या एकाच राखाडी कोटाबद्दल सांगितलं. ते सगळं खरं आहे. मी मात्र आज सरांच्या परवानगीने माझी एक चूक सांगणार आहे. निरोपाच्या सभेत स्वतःची चूक कशाला, असं कुणाला वाटेल. पण ती सांगितल्याशिवाय सरांनी मला काय शिकवलं, ते सांगताच येत नाही.

मी या शाळेत आले ती पंधराव्या वर्षी. माझे बाबा कपड्यांना इस्त्री करतात. आमच्या घरात गिटार कुणी पाहिलेली नव्हती, आणि कॉलेजही कुणी पाहिलेलं नव्हतं. दोन्ही मीच पहिल्यांदा घरात आणलं. त्यामुळे मला सगळं अगदी बिनचूक करायचं असे. गाताना सूर चुकू नये, वाजवताना ताल चुकू नये, आणि दोन्ही एकत्र करताना तर श्वाससुद्धा मोजून घ्यायचा. मग कुणीतरी म्हणालं, तुझ्या गाण्यात भावना कमी आहे. तेव्हा मी भावनाही मेहनतीने घालायला लागले. दुःखाच्या ओळीला डोळे मिटायचे, आवाज थोडा थरथरवायचा, तारांवर हात जोरात मारायचा. सर सगळं शांतपणे ऐकायचे. एकदा म्हणाले,

"तुझं गाणं इस्त्री केलेल्या शर्टासारखं आहे. घडी उत्तम. आत माणूस नाही."

माझे बाबा काय काम करतात हे सरांना ठाऊक नव्हतं. मी घरी जाऊन रडले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि इस्त्री न थांबवता म्हणाले, "मग खरंच आहे की त्यांचं. आत माणूस आला की शर्ट चुरगळतो. तुला चुरगळायचं नाहीये."

बाबा, तुम्ही आता मान खाली घालू नका. ते वाक्य मी आजवर जपून ठेवलंय.

पदवी मिळाल्यावर मी याच शाळेत मदतनीस म्हणून लागले. मी भौतिकशास्त्राची पदवीधर आहे. ध्वनी म्हणजे काय, तो कसा निघतो, कसा परततो, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवलेले आहेत. पुढचं ऐकताना कृपया एवढं लक्षात ठेवा. मी फक्त घडलं ते सांगते आहे.

तुमच्यापैकी जे तीन नंबरच्या खोलीत शिकले, त्यांना खिडकीचं गाणं पाठ असेल. प्रत्येक नव्या मुलाला सर पहिलं तेच शिकवायचे. "खिडकी जराशी उघडी राहू दे, उन्हाला यायचंय घरात." चार कडवी, तीन सोप्या कॉर्ड. हे गाणं सर कुणालाही एकट्याने गाऊ द्यायचे नाहीत. इतर गाण्यांना ते खोलीभर फिरायचे, पण खिडकीचं गाणं आलं की स्वतः गिटार घेऊन बसायचे आणि शेवटपर्यंत बरोबर वाजवायचे. आणि पहिली ओळ संपली की उजवा तळहात तारांवर अलगद टेकवायचे. गिटार गप्प, मुलं गप्प. एक मात्रा जायची. मग दुसरी ओळ. आम्ही कधी विचारलं नाही. सरांची पद्धत, एवढंच आम्हाला माहीत.

गेल्या वर्षी सरांच्या उजव्या हाताला कंप सुटला आणि ते सहा आठवडे उपचारासाठी रजेवर गेले. वर्ग माझ्याकडे आला. उत्साह तर काय विचारता. मी ठरवलं, सर येईपर्यंत त्यांची हाताने लिहिलेली जुनी गाण्यांची वही संगणकावर सुबक टाइप करून, छापून मुलांना द्यायची. तसं केलंही. त्या वहीत खिडकीच्या गाण्यात, प्रत्येक कडव्याच्या पहिल्या ओळीनंतर, पेन्सिलीने एक छोटी खूण होती. वही तपासताना बाई उत्तराला करतात ना, बरोबरची खूण, अगदी तशीच. मी मनात म्हटलं, सरांनी कधीतरी ओळी तपासल्या असतील. सगळंच बरोबर आहे, मग खूण कशाला? मी त्या खुणा गाळल्या.

मुलं छापलेल्या कागदावरून शिकली. खूण नाही, म्हणून थांबणं नाही. दोन्ही ओळी सलग. मलाही तेच जास्त नीटनेटकं वाटलं.

दुसऱ्या आठवड्यात आपले शिपाईमामा दारात आले. ते आत्ता मागे खांबाला टेकून उभे आहेत. खुर्ची दिली तरी बसत नाहीत.

"ताई, तुमच्या वर्गात मुलं किती?"

"अकरा."

"मग बारावी कोण?"

"कोण बारावी?"

"जी सगळ्यांच्या मागून संपवते ती. मी बाहेर स्टुलावर बसतो ना, मला ऐकू येतं. तुमचं गाणं संपतं, मग तिचं संपतं. फार पळवता तुम्ही पोरांना. सर होते तेव्हा नीट श्वास घेऊन म्हणायची."

मी हसले. म्हटलं, "मामा, खोलीत प्रतिध्वनी येतो."

मामा म्हणाले, "असेल. तुम्ही शिकलेल्या. पण प्रतिध्वनीला धाप लागते का हो?"

तो प्रश्न माझ्या कोणत्याच पुस्तकात नव्हता. दुसऱ्या दिवशी मी माझा फोन बाहेर मामांच्या स्टुलावर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि दार लावून वर्ग घेतला. आत आम्हाला काहीच वेगळं ऐकू आलं नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी ते रेकॉर्डिंग लावलं. अकरा मुलं आणि मी, सगळ्यांनी मिळून "घरात" म्हटलं. गिटार थांबली. आणि एक मात्रा मागून, एका बारीक आवाजाने "घरात" म्हटलं.

खिडक्या उघड्या होत्या. ऊन टेबलावर आलेलं होतं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. मला आठवतं, मी डब्याचं झाकण परत लावून टाकलं.

मग मी रोज फोन बाहेर ठेवू लागले. कुणाला बोलले नाही. काय बोलणार होते? तिसऱ्या आठवड्यात तो आवाज दोन मात्रा मागे पडला. चौथ्या आठवड्यात प्रत्येक ओळीच्या अलीकडे हवा ओढल्याचा आवाज यायला लागला, जिना चढून आलेल्या माणसासारखा. पाचव्या आठवड्यात तिचा "घरात" हा शब्द पूर्ण होत नव्हता. नुसता "घ" यायचा, आणि त्यापुढे काही नाही.

तुमच्यातल्या काही जणांना आत्ता हसू येत असेल. येऊ द्या. मला त्या वेळी एकच गोष्ट कळत होती, की आत मी काहीतरी करते आहे आणि त्यामुळे बाहेर कुणाला तरी श्वास मिळत नाहीये.

मी सरांच्या घरी गेले. छापलेली वही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी खिडकीच्या गाण्याचं पान उघडलं आणि ओळींवरून बोट फिरवलं.

"खुणा कुठे गेल्या?"

"मी गाळल्या, सर. मला वाटलं, नुसत्या बरोबरच्या खुणा आहेत."

"बरोबरच्याच आहेत," सर म्हणाले. "ती माझ्याबरोबर गायची, त्याच्या."

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी या शाळेत कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. सरांना एक धाकटी बहीण होती. दम्याचा त्रास होता तिला. शाळेची ही इमारत व्हायच्या आधी इथे त्यांचं घर होतं, आणि तीन नंबरची खोली जिथे आहे तिथे त्यांची पुढची खोली. खिडकीचं गाणं दोघांनी तिथे बसून रचलं. तिला एका दमात दोन ओळी म्हणता यायच्या नाहीत. पण घरी आलेल्या लोकांसमोर आपण थांबलो तर लोक आपल्याकडे बघतील, याची तिला फार लाज वाटायची. म्हणून सर थांबायचे. तळहात तारांवर टेकवायचे, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं की गाणंच असं आहे. ती श्वास घ्यायची आणि पुढे म्हणायची. एकोणिसाव्या वर्षी ती गेली. सरांनी थांबणं सोडलं नाही.

"लोक मला सांगायचे," सर म्हणाले. "पालक सांगायचे, तुमच्या वर्गात एक मुलगी काय सुंदर श्वास घेते हो. मला आत काहीच ऐकू यायचं नाही. जो वाजवतो, गातो, त्याला ऐकू येत नाही."

"मग तुम्ही कधी रेकॉर्ड करून का नाही ऐकलं?"

"ऐकलं असतं, आणि काहीच नसतं, तर?"

मग सरांनीच विचारलं, "किती दिवस झाले खुणा गाळून?" मी म्हटलं, पाच आठवडे. सरांनी चेहऱ्यावरून हात फिरवला.

त्याच दुपारी आम्ही दोघं शाळेत आलो. सरांनी गिटार घेतली, पण बोटांनी तार छेडली जाईना. त्यांनी गिटार माझ्याकडे दिली. म्हणाले, "तू म्हण." मी म्हटलं, "सर, ती तुमच्यासाठी येते. माझ्यासाठी कशी येईल?" ते म्हणाले, "ते मलाही ठाऊक नाही. म्हणूनच म्हण." आणि ते बाहेर जाऊन मामांच्या स्टुलावर बसले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्या गाण्याच्या वेळी ते दाराच्या बाहेर होते.

मी डोळे मिटले नाहीत. आवाज थरथरवला नाही. हात हलका ठेवला, इतका हलका की शब्दाच्या खाली गिटार जेमतेम ऐकू यावी. पहिली ओळ म्हटली आणि तळहात तारांवर टेकवला. त्या एका मात्रेत मला फक्त एवढंच वाटत होतं, की घे. सावकाश घे. मी थांबले आहे. सगळं गाणं मी तसंच म्हटलं, कडव्यामागून कडवं. माझा सूर दोनदा हलला. मला काहीही ऐकू आलं नाही.

दार उघडलं. सर स्टुलावर बसले होते आणि मामा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. मामाच म्हणाले, "आज नीट म्हणाली. सगळं पूर्ण म्हणाली."

आणि सर म्हणाले, "म्हणजे ती माझ्यासाठी येत नव्हती. गाण्यासाठी यायची." त्यांना वाईट वाटलं की बरं वाटलं, मला कळलं नाही. मग ते म्हणाले, "मग आता मला जाता येईल."

परवा सर कायमचे त्यांच्या मुलीकडे राहायला जात आहेत. तिथे त्यांची सात वर्षांची नात आहे. काल मी त्यांना म्हटलं, तिला खिडकीचं गाणं शिकवा. ते म्हणाले, "शिकवीन. पण ती खोली इथे राहणार. गाणं खोलीचं आहे की कुणाचं, कोण जाणे." हे गाणं आजवर तीन नंबरच्या खोलीबाहेर कधीच गायलं गेलेलं नाही, हे काल आम्हा दोघांच्या एकदमच लक्षात आलं.

म्हणून सर, आज तुमचा सत्कार मी हाराने करणार नाही. मी ते गाणं इथे म्हणणार आहे, या सभागृहात. तुमच्या हातात गिटार नसेल. तुम्ही फक्त ऐकायचं आहे. जर इथेही तिचं गाणं ऐकू आलं, तर निर्धास्तपणे नातीला शिकवा, आणि तुम्ही दाराबाहेर खुर्ची टाकून बसा. नाही आलं, तर तीन नंबरच्या खोलीत मी रोज थांबेन. माझ्यानंतर जो येईल, त्याला खुणा दाखवून ठेवेन. हा शब्द मी सगळ्यांसमोर देते.

आता आभार. अध्यक्षबाईंनी मला या विषयावर बोलू दिलं, पाहुण्यांनी मध्येच घड्याळ पाहिलं नाही, आणि मामांनी मला वेडी ठरवलं नाही, याबद्दल मी ऋणी आहे. आई-बाबांचे आभार घरी मानेन. इथे मानले तर ते दोघं उठून जातील. बोलण्यात कुठे जास्त बोलले असेन, कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर आपली म्हणून सांभाळून घ्या. गाताना सूर हलला तर तेही पोटात घाला.

मात्र एका जागी मी थांबेन, त्याची माफी मागणार नाही. प्रत्येक खुर्चीवर गाण्याचा नवीन छापलेला कागद आहे. पहिल्या ओळीनंतरची खूण पाहा. तिथे कुणी टाळी देऊ नका, खोकू नका. मला काही ऐकू येणार नाही, तुम्हाला कदाचित येईल. आलं, तर एवढीच विनंती आहे, की मागे वळून पाहू नका. लोकांनी बघितलं की तिला लाज वाटते.

मामा, ती खिडकी तेवढी जराशी उघडा.