अखंड काचेची गाडी

ओहायोतल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यात एल्मर आपला नंबर यायची वाट बघत बसला होता. शेजारच्या लोर्ना नावाच्या म्हातारीनं पलीकडच्या वर्नन मेकॅनिकपुढे एक जुना फोटो धरला.

"ही गाडी कुठली हो? हे माझे बाबा, कडेवर मी. कोरियाच्या लढाईवर निघाले तेव्हाचा फोटो."

"शेवरले. एकोणीसशे त्रेपन्नची."

"चष्मा लावा आधी! बावन्नच्या नाताळात तर बाबा तिकडेच वारले."

"बाई, पुढची काच बघा. अखंड आहे. बावन्नपर्यंत मधे दांडी असायची."

"पण नवं मॉडेल आदल्या वर्षीच येतं ना?"

"एरवी येतं. हे जानेवारीत आलं."

"वर्दी तर बाबांचीच आहे."

"वर्दी सगळ्यांची सारखीच. टोपीच्या सावलीत तोंड कुठं दिसतंय? घरात आणखी कुणी फौजेत होतं?"

"धाकटा काका, रे. पण आईनं मागे स्वतः लिहिलंय, 'तू आणि तुझे बाबा.' हे बघा."

वर्नननं फोटो उलटा करून पाहिला आणि तिच्या हातात परत दिला.

एल्मरचा नंबर पुकारला. तो जागचा हलला नाही.

"काका गेल्या महिन्यात गेला," लोर्ना म्हणाली. "मी अंत्यविधीला नुसती फुलं पाठवली."