सुरभीची पात

मुजफ्फर : आवाज खाली कर, सुरभी! उद्या तू बाकावर बसशील. झालं.

सुरभी : बसवा नं! आज वैष्णवीले बसवलं, उद्या मले बसवा. सारी टीमच बाकावर बसवा अन् तुमी एकटे खेळा, सर!

(शनिवारची संध्याकाळ. यवतमाळात जिल्हा बास्केटबॉलच्या फायनलची पहिली मॅच तेरा गुणांनी हरून कोच मुजफ्फर सर आणि कॅप्टन सुरभी सरांच्या दुचाकीच्या गॅरेजात शिरले, ते भांडतच. बाकीच्या पोरींनी केव्हाच काढता पाय घेतला. सुरभीच्या अंगावर अजून घामानं भिजलेली जर्सी आहे. ओरडता ओरडता आपल्याला रडू कोसळेल की काय, ह्या धास्तीनं ती आणखीच चिडली आहे.)

मुजफ्फर : भर मैदानात कोचवर ओरडली तू. 'सर, तुमची वही जाळून टाका!' अशी बोलते कॅप्टन? सारे लोक हसून राह्यले होते मले.

सुरभी : मंग काय करू? राळेगावची थे बबिता बास्केटखाली उभी राहून आपल्या पोरींच्या डोक्यावरून बॉल टाकून राह्यली होती. तीनदा म्हणलं तुमाले, टाइम-आउट घ्या, वैष्णवीले पाठवा, तिच्याएवढी उंच आपल्याकडं थे एकच हाये. अन् तुमी काय दाखवलं मले? वही!

मुजफ्फर : वहीत काय खोटं हाये? हे पाय. लीगमधी राळेगावसंग चार मॅचा. पयली बारानं जिंकलो, दुसरी वीसनं, मंग सतरानं, मंग चौदानं. चारही! ज्या टीमले चारदा लोळवलं, थे पाचव्यांदा एकदम शेर होते का? जमलेला डाव बदलाले मी काय येडा हाओ?

सुरभी : तुमी गुण लिवले, सर. समोर कोण खेळलं थे लिवलं का?

मुजफ्फर : राळेगाव खेळलं! अजून कोण खेळन?

सुरभी : किती पोरी येत होत्या राळेगावच्या? पाच. बदली खेळाडू एक नाई. तिसऱ्या मॅचले तं एकीचा पाय मुरगळला अन् बाकीच्या चौघीच खेळल्या. त्या दिवशी आपण सतरानं जिंकलो म्हणून तुमी समोसे वाटले.

मुजफ्फर : खाल्ले ना तूबी! दोन खाल्ले!

सुरभी : खाल्ले! पण कापसाच्या हंगामात इतवारी तिकडच्या पोरी मैदानावर येतीन का वावरात जातीन? साऱ्या वेचाले जात होत्या, सर. आता हंगाम सरला. आता आली खरी टीम. त्या चार मॅचा धरून फायनलचं गणित कसं बसन?

मुजफ्फर : अच्छा! एवढं सारं मालूम होतं, तं मले कालपर्यंत काहून नाही सांगलं?

सुरभी : ...सांगतलं असतं तं तुमी आयकलं असतं का?

मुजफ्फर : बात बदलू नको. अन् मीबी काही आंधळा नाही. ही बबिता चारही मॅचात मले दिसली नाही. आज अचानक येते अन् एकटी एकतीस गुण मारते? बाहेरून आणली पोट्टी थे, दुसऱ्याच्या नावावर खेळवली. हा पाय तक्रारीचा कागद. सकाळी कमिटीच्या हातात देतो. राळेगाव बाद!

सुरभी : बाहेरची नाई थे. फाडा थो कागद.

मुजफ्फर : तुले कसं मालूम?

सुरभी : मालूम हाये मले.

मुजफ्फर : कसं, म्हणून इचारून राह्यलो!

सुरभी : फाडा म्हणतो नं, सर!

मुजफ्फर : वा! तुले मातीत घातलं त्या पोट्टीनं, अन् तू तिचीच वकिली करून राह्यली? अवं, शेवटचं साल हाये तुहं. परीक्षा झाली की तू क्लबात नाही. उद्या हरलो तं राज्याच्या स्पर्धेले त्या जातीन, तू टीव्हीसमोर बसशील. पाच साल गॅरेजचं शटर खाली ठेवून सकाळी सहाले मैदानावर उभा राह्यलो मी तुह्यासाठी. कायले? हे पाहाले?

बबनराव : मुजफ्फरभाई, येऊ का? रस्त्यापर्यंत आवाज येऊन राह्यला तुमचा.

सुरभी : बाबा? तुमी अजून गावाले गेले नाई?

बबनराव : साडेसातची गाडी हाये. तुह्या मायनं भाकरी-ठेचा बांधून देल्ला, थो द्याचाच राह्यला. घे. अन् तोंड कायले पाडलं असं? हरली तं हरली, आपल्या बबिताकडूनच हरली. घरच्या घरीच राह्यलं.

मुजफ्फर : आपली बबिता?

बबनराव : आमच्याच गावची नं, राळेगावजवळची! नाल्यापल्याड घर. तिची माय बारा महिने आमच्या वावरात असते. अन् पोरगी वेचाले अशी चपळ हाये, भाऊ, का पाहातच राहावं. औंदा हिची पात तिनंच तं सांभाळली.

सुरभी : चाला बाबा, मी स्टँडवर सोडतो तुमाले.

मुजफ्फर : थांब. बबनराव, पात सांभाळली म्हणजे?

बबनराव : आमच्या घरी हंगामात इतवारी साऱ्यायनं वेचाले याचं, कॉलेजवाल्यायनंबी. ज्यानं त्यानं आपली पात, म्हणजे झाडायची एक ओळ, धराची अन् वावराच्या कडेले धुऱ्यापर्यंत वेचत न्याची. हिची मॅच राहे, तं हिच्या पातीले कोणी तरी लागे. बाकी इतवारी माह्यी बहीण धरे. पण राळेगाववाल्यायची मॅच असली का ही म्हणे, माह्या जागी बबिताच पायजे. चारही टाइम बबिता.

मुजफ्फर : चारही टाइम.

बबनराव : हो. काहून?

मुजफ्फर : सुरभी. इकडं पाय. खाली नको पाहू, माह्याकडं पाय!

सुरभी : पयल्या टाइमले काईच नोतं मनात. आईची शपथ, सर! आत्याले ताप होता, बबिताचं नाव तोंडात आलं. मैदानावर गेल्यावर समजलं, थे नसली का राळेगाव म्हणजे काईच नाई. दुसऱ्या टाइमले मनात होतं. तिसऱ्या टाइमलेबी. चौथ्या टाइमले तं मी मंगळवारीच बाबाले आठवण करून देल्ली.

मुजफ्फर : अन् माह्यी वही जाळाले निघाली होती तू! चार मॅचा पाहून डाव बसवला म्या. वैष्णवीले बसवलं, रडवलं त्या पोट्टीले! अन् तू समोर उभी राहून सारं पाहून राह्यली?

सुरभी : तीनदा टाइम-आउट मागतला नं मी!

मुजफ्फर : टाइम-आउट मागतला, खरं नाही सांगलं! त्या वहीत खोटं तू लिवलं, सुरभी. पेन माह्या हातात होता, एवढंच.

सुरभी : शरम वाटे मले! लय शरम वाटे! कसं सांगू?

बबनराव : अरे, पण झालं काय एवढं? मॅच झाली, बात मिटली. मी तं उद्यासाठीबी सांगून देल्लं बबिताले.

मुजफ्फर : काय सांगून देल्लं?

बबनराव : शेवटचा कापूस राह्यला नं थोडा झाडावर. मैदानाबाहीर भेटली, म्हणलं, उद्या इतवार हाये, ये वेचाले. हो म्हणली.

सुरभी : बाबा! उद्या मॅच हाये!

बबनराव : मंग आज झाली थे काय होती?

सुरभी : तीन राहतेत! तीनातल्या दोन जो जिंकन थो जिंकला!

बबनराव : मले काय मालूम, बावा. आमच्या कबड्डीले एकच फायनल राहे.

सुरभी : सर. सर, बोला नं काई.

मुजफ्फर : मी काय बोलू? वावर तुमचं, कापूस तुमचा. तुमच्या घरचा मामला हाये.

सुरभी : आता घरचा मामला झाला? घंटाभर माह्या नावानं बोंबलले, अन् फुकटची मॅच दिसली तं चूप?

मुजफ्फर : तोंड सांभाळ! मी कोणाले वावरात बोलावलं नाही. मी काही केलं नाही.

सुरभी : मीबी असंच म्हणो, सर. चारही इतवार.

मुजफ्फर : हा पाय थो कागद. तक्रारीचा. घे, फाडला. खूश?

सुरभी : बाबा, फोन द्या तुमचा.

बबनराव : अवं, पण कापूस झाडावर...

सुरभी : सोमवारी मी येतो. सारा कापूस एकटी वेचतो. फोन द्या म्हणलं नं!

बबनराव : घे माय, घे. खाऊ नको मले.

सुरभी : हॅलो, बबिता? सुरभी बोलून राह्यली. उद्या वावरात येऊ नको... नाई, बाबाले मॅचचं मालूमच नोतं... आयक नं, त्या चार इतवारीबी मीच तुले... काय?... हं... हं. ठेवतो.

बबनराव : काय म्हणली?

सुरभी : म्हणे, मी तशीबी येणार नोती. तुह्या बाबाले तोंडावर नाई म्हणता येत नाई, म्हणून हो म्हणलं.

मुजफ्फर : अन् त्या चार इतवारचं?

सुरभी : म्हणे, मले दुसऱ्या इतवारीच समजलं होतं.

मुजफ्फर : मंग?

सुरभी : मंग काई नाई. म्हणे, उद्या बूट नीट बांधून ये.

मुजफ्फर : ये मंग बांधून. सहाले. अन् येताना वैष्णवीले घेऊन ये.